चुकलेली वर्क ऑर्डर दुरुस्त करताना: गॅरेज सॉफ्टवेअरमधल्या युटिलिटी कशा वापरायच्या

कोल्हापूरजवळ शिरोलीपासून गोकुळ शिरगाव, कागलपर्यंत हायवेच्या दोन्ही अंगांना ट्रान्सपोर्टवाल्यांची गॅरेजं आहेत. बऱ्याच ठिकाणी जॉब कार्ड आता कॉम्प्युटरवर निघतं. सॉफ्टवेअरमध्ये त्यालाच वर्क ऑर्डर म्हणतात. नवीन आलेला माणूस महिन्याभरात ऑर्डर उघडायला, पार्ट टाकायला, मजुरी लावायला आणि ऑर्डर बंद करायला शिकतो. तो अडतो ऑर्डर चुकल्यावर. पार्ट भलत्याच गाडीवर पडलेत, एकाच कामाच्या दोन ऑर्डर निघाल्यात, किलोमीटरचा आकडा उलटासुलटा झालाय, अशा वेळी साध्या स्क्रीनवर काही करता येत नाही. त्यासाठी ‘युटिलिटी’, ‘टूल्स’ किंवा ‘ॲडमिन’ अशा नावाचा वेगळा मेनू असतो. गाडी बदलणे, ऑर्डर एकत्र करणे, बंद ऑर्डर पुन्हा उघडणे, रिडिंग सुधारणे, एकदम अनेक ऑर्डर बंद करणे, खर्चाचा फेरहिशोब, जुन्या ऑर्डर बाजूला काढणे ही कामं तिथून होतात. नावं सॉफ्टवेअरप्रमाणे बदलतात, कामं हीच.

साध्या स्क्रीनवर हात चुकला तर एक ऑर्डर बिघडते. युटिलिटीत एका बटणावर तीनशे बिघडू शकतात, आणि परत फिरायला बटण बहुधा नसतं. म्हणून पहिल्या दिवसापासून एक सवय लावा. युटिलिटी चालवण्याआधी कागदावर दोन ओळी लिहायच्या: कुठला आकडा बदलायला हवा, आणि कुठला आकडा अजिबात हलता कामा नये. पुढची सगळी पद्धत या दोन ओळींवर चालते.

हात लावण्याआधी

आधी बॅकअप. सॉफ्टवेअर तुमच्याच कॉम्प्युटरवर असेल तर बॅकअपच्या फाइलला तारीख आणि वेळेचं नाव द्या आणि ती पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या मशीनवर न्या. त्याच हार्ड डिस्कवरचा बॅकअप डिस्क गेली की सोबतच जातो. बॅकअप खरंच उघडतो का, हे महिन्यातून एकदा वेगळ्या फोल्डरमध्ये उघडून बघा. सॉफ्टवेअर क्लाउडवर असेल तर बॅकअप तुमच्या हातात नसतो. तेव्हा ज्या ऑर्डरना हात लावणार त्यांची यादी आणि तपशील एक्स्पोर्ट करून ठेवा.

दुसरं, बाकीच्यांना सॉफ्टवेअरमधून बाहेर काढा. स्टोअरकीपर पार्ट टाकतोय आणि तुम्ही त्याच वेळी खर्चाचा फेरहिशोब लावलाय, असं झालं तर निम्मी नोंद जुन्या हिशोबाने बसते आणि निम्मी नव्या. दुधाच्या टँकरवर काम चालणाऱ्या गॅरेजात सकाळ-संध्याकाळ गर्दी असते, त्यामुळे दुपारची वेळ बरी. ऊस वाहतुकीच्या गाड्या असतील तर मोठी साफसफाई गळीत हंगाम संपल्यावर, पावसाळ्यात काढा. हंगामात फक्त अडलेली ऑर्डर सोडवायची. यूपीएस नसेल तर मोठी युटिलिटी लावूच नका. मध्येच लाइट गेली तर फाइल अर्धवट राहते.

तिसरं, चार आकड्यांचा रिपोर्ट पीडीएफ करून ठेवा: वर्क ऑर्डरची एकूण संख्या, पार्टचा एकूण खर्च, मजुरीचा एकूण खर्च आणि स्टोअरमधल्या मालाची किंमत. काम झाल्यावर हाच रिपोर्ट पुन्हा काढायचा.

आता हे चार आकडे कसे वागतात ते बघा. ऑर्डर एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर नेली तर चारही आकडे जसेच्या तसे राहिले पाहिजेत, बदलेल तो फक्त गाडीवार खर्च. दुरुस्तीचा कोड (काम ब्रेकचं की इंजिनचं हे सांगणारा आकडा) बदलला तरी तसंच, फक्त कोडवार खर्च सरकेल. किलोमीटर सुधारलं तर रुपयाही हलत नाही, किलोमीटरमागचा खर्च आणि पुढच्या सर्व्हिसची तारीख बदलते. दोन ऑर्डर एकत्र केल्या तर खर्च तोच राहतो. पार्ट परत घेतला तर पार्टचा खर्च जेवढ्याने उतरेल तेवढ्यानेच स्टोअरची किंमत चढली पाहिजे. यापेक्षा वेगळं काही दिसलं तर तिथेच थांबायचं.

चौथं, एकाच ऑर्डरवर चालवून बघा. तीनशेची यादी तयार असली तरी पहिली एकच. ती उघडून डोळ्यांनी वाचा, मग दहा, मग बाकीच्या.

महिनोन्‌महिने उघड्या राहिलेल्या ऑर्डर

बहुतेक गॅरेजातला सगळ्यात मोठा पसारा हाच. पंधरा दिवसांपेक्षा जुन्या उघड्या ऑर्डरची यादी काढली की पन्नास-साठ नावं येतात, आणि नवीन माणसाचा हात थेट ‘सगळ्या बंद करा’कडे जातो. तसं करू नका. आधी प्रत्येक ऑर्डर उघडी का राहिली ते शोधा. कारणं साधारण चार-पाचच असतात.

बाहेरच्या कामाचं बिल आलेलं नाही. शिवाजी उद्यमनगरात लेथवर ब्रेक ड्रम टर्निंगला दिले, काम होऊन गाडी निघूनही गेली, बिल मात्र महिनाअखेरीला येतं. अशी ऑर्डर ‘काम पूर्ण’ करून ठेवायची, ‘बंद’ करायची नाही. या दोन शब्दांत फरक आहे. ‘काम पूर्ण’ म्हणजे गाडी रस्त्यावर गेली, उभी राहण्याचे दिवस मोजणं थांबलं. ‘बंद’ म्हणजे खर्च गाडीच्या खात्यावर कायमचा चढला. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मधली पायरी नसेल तर अंदाजे रक्कम टाकून बंद करू नका, बिलासाठी थांबा.

वॉरंटीचा दावा किंवा विम्याचं काम अडलंय. ही ऑर्डर उघडीच राहणार. तिची स्थिती बदलून ‘विम्यासाठी थांबली’ अशी ठेवा, म्हणजे ती रोजच्या यादीत गर्दी करणार नाही.

काम झालं, ऑर्डर बंद करायची राहून गेली. इथे बंद करा, पण तारीख सांभाळा. एकदम बंद करणारी युटिलिटी काही सांगितलं नाही तर आजची तारीख टाकते. ३ जूनला निघालेली गाडी २० ऑगस्टला बंद दाखवली तर ती कागदावर अडीच महिने गॅरेजात उभी होती असं होतं, आणि मालक विचारतो एवढे दिवस काय करत होता. कागदी जॉब कार्डावरची फिटरच्या सहीची तारीख किंवा गेटच्या वहीतली गाडी बाहेर गेल्याची तारीख घ्या. दोन्ही नसतील तर डिझेल भरल्याची पुढची नोंद बघा. गाडीने डिझेल भरलं म्हणजे ती बाहेर होती.

कामच झालं नाही. ड्रायव्हरने तक्रार लिहिली, गाडी न थांबता ट्रिपला गेली. ही ऑर्डर ‘रद्द’ करायची, कारण लिहायचं आणि तक्रार पुढच्या ऑर्डरमध्ये न्यायची. ब्रेक, स्टिअरिंग किंवा टायरची तक्रार असेल तर रद्द करण्याआधी सुपरवायझरला तोंडी विचारा. ती तक्रार यादीतून गेली की कुणालाच दिसणार नाही.

पुराचंही लक्षात ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि वाहतूक बंद पडली. अशा दिवसांत उघड्या राहिलेल्या ऑर्डरचे उभे दिवस दुरुस्तीच्या खात्यात धरायचे नसतात. सॉफ्टवेअरमध्ये उभं राहण्याचं कारण निवडायची सोय असेल तर ‘रस्ता बंद’ असं वेगळं कारण बनवून घ्या.

भलत्या गाडीवरची ऑर्डर, आणि एका कामाच्या दोन

गाडीचा नंबर टाकताना इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य यांची गफलत होते, कुणी मध्ये जागा सोडतो, कुणी डॅश देतो. सॉफ्टवेअरला त्या दोन वेगळ्या गाड्या वाटतात. एमएच ०९ च्या एकाच ट्रकचा निम्मा इतिहास एका नावावर आणि निम्मा दुसऱ्या नावावर जातो. गाडीवार यादी काढा आणि ज्या नावावर दोन-तीनच ऑर्डर आहेत ती तपासा. खरी गाडी ठरवताना चासी नंबर जुळवा. मग युटिलिटीने त्या ऑर्डर बरोबर नावावर न्या आणि चुकीचं नाव ‘वापरात नाही’ करा. ते डिलीट केलं तर काही सॉफ्टवेअर त्यासोबत उरलेल्या नोंदीही पुसतात.

बेळगाव-चिकोडीकडून घेतलेली गाडी केए २३ वरून एमएच ०९ वर येते, तेव्हा नवी गाडी म्हणून नोंदवू नका. ‘गाडीचा नंबर बदला’ या युटिलिटीने त्याच गाडीचा नंबर बदला, म्हणजे जुना इतिहास सोबत येतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे प्रत्येक गाडीला घरचा नंबर द्यायचा, ‘टँकर १४’ असा. आरटीओचा नंबर बदलला तरी घरचा नंबर बदलत नाही.

एकाच कामाच्या दोन ऑर्डर बहुतेक वेळा रात्रपाळीमुळे निघतात. रात्री ड्रायव्हरचा फोन आला, एकाने ऑर्डर उघडली, सकाळी दुसऱ्याने पुन्हा उघडली. एकत्र करताना आधी उघडलेली ठेवा, कारण गाडी तेव्हापासून उभी आहे. दोन्हीवर तोच पार्ट तितकाच पडला असेल तर स्टोअरच्या वहीत किती नग गेले ते बघा. दोन क्लच प्लेट दिसतात आणि वहीत एक गेलीय, तर एकत्र करण्याआधी एक परत घ्या. एकत्र केल्यावर हे शोधणं फार कठीण होतं. दुसऱ्या ऑर्डरचा नंबर ‘रद्द, अमुक ऑर्डरमध्ये घेतली’ असं लिहून तसाच ठेवा. मालिकेत नंबर गायब दिसला की ऑडिटवाला पहिला प्रश्न त्याचाच काढतो.

किलोमीटरची चूक

पैशाची चूक दिवाणजींच्या नजरेला पडते. किलोमीटरची चूक कुणालाच दिसत नाही, आणि इंजिन तिच्यामुळेच जातं. म्हणून हे जरा सविस्तर.

ट्रकचं खरं रिडिंग १,८४,३२०. टाकताना पहिले दोन आकडे उलटे पडले आणि ८,१४,३२० झालं. इंजिन ऑइलची सर्व्हिस दर ४०,००० किलोमीटरला लावलेली आहे. खरी पुढची सर्व्हिस २,२४,३२० ला. सॉफ्टवेअर मात्र ८,५४,३२० दाखवणार. गाडी महिन्याला ८,००० किलोमीटर चालत असेल तर तिथपर्यंत पोचायला जवळजवळ सात वर्षं लागतील. तोवर ही गाडी सर्व्हिसच्या यादीत येणारच नाही, लाल अक्षर दिसणार नाही, कुणी विचारणारही नाही.

चूक इथेच थांबत नाही. पुढच्या वेळी कुणी १,८६,००० टाकतो, तर सॉफ्टवेअर म्हणतं आधीच्यापेक्षा कमी रिडिंग चालणार नाही. गाडी दारात उभी, ड्रायव्हरला घाई, मग तोही ८,१६,००० टाकून मोकळा होतो. एका चुकीमागे अशी रांग लागते.

दुरुस्तीचा क्रम असा. त्या गाडीची सगळी रिडिंग तारखेप्रमाणे एका कागदावर काढा: वर्क ऑर्डर, डिझेल आणि टायर, तिन्हीकडची. पहिली उडी कुठे आहे ती खूण करा. मग सगळ्यात जुन्या चुकीपासून सुरुवात करून एकेक रिडिंग पुढे सुधारत या. शेवटून सुरू केलंत तर सॉफ्टवेअर प्रत्येक वेळी ‘आधीचं रिडिंग मोठं आहे’ म्हणून अडवेल. सगळी रिडिंग सुधारली तरी सर्व्हिसचं वेळापत्रक आपोआप सुधारतंच असं नाही. ‘वेळापत्रक पुन्हा काढा’ ही वेगळी युटिलिटी असते, ती त्या एका गाडीसाठी चालवा आणि पुढची सर्व्हिस २,२४,३२० दिसते का ते बघा.

मीटरच बदललं असेल तर ही सुधारणा वापरायची नाही. नवं मीटर शून्यापासून सुरू होतं. जुन्यावर शेवटी ३,१२,४५० होते, ते ‘मीटर बदल’ मध्ये नोंदवा, म्हणजे सॉफ्टवेअर पुढची बेरीज स्वतः धरतं. जुनी रिडिंग खाली आणून जुळवायला गेलात तर गाडीचं सगळं आयुष्य पुसून जातं.

बंद ऑर्डर पुन्हा उघडतानाही हाच धोका. ऑइल बदलाची मेमधली ऑर्डर एका उशिरा आलेल्या बिलासाठी जुलैत उघडली आणि पुन्हा बंद केली, तर काही सॉफ्टवेअर सर्व्हिस जुलैत झाली असं धरतं. बंद करताना जुनी तारीख आणि जुनं रिडिंग स्वतः टाका. महिन्याचा हिशोब आधीच बांधला असेल तर जुनी ऑर्डर उघडूच नका, त्या बिलासाठी पूरक ऑर्डर काढा आणि तिच्यात जुन्या ऑर्डरचा नंबर लिहा.

पार्टची नोंद

बंद ऑर्डरवरची पार्टची संख्या थेट बदलायची नाही. परत घ्यायची, आणि पुन्हा बरोबर द्यायची. संख्या थेट बदलली की काही सॉफ्टवेअरमध्ये स्टोअरची शिल्लक तशीच राहते.

नेहमीची चूक ऑइलची. बॅरल २१० लिटरचं, गाडीत गेलं १८ लिटर. स्टोअरकीपरने एकक ‘बॅरल’ आणि संख्या ‘१’ टाकली. एका गाडीवर २१० लिटरचा खर्च चढला, आणि शिल्लक मोजताना १९२ लिटर जास्त भरलं. कुठल्याही मालाची शिल्लक अशी जास्त भरली की आधी एकक तपासा. कायमचा उपाय म्हणजे पार्टच्या मास्टरमध्ये, म्हणजे मूळ यादीत, ऑइल, ग्रीस आणि कुलंट यांचं देण्याचं एकक लिटर किंवा किलोच ठेवायचं.

खर्चाचा फेरहिशोब करणारी युटिलिटी चालवताना तारखेची मर्यादा द्याच. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या ऑटो पार्टवर १८ टक्के जीएसटी झाला, त्याआधी बऱ्याच पार्टवर २८ टक्के होता. तुम्ही टॅक्स क्रेडिट घेत नसाल तर हा टॅक्स तुमचा खर्चच असतो. १०,००० चा पार्ट तेव्हा १२,८०० ला पडला होता. मर्यादा न देता फेरहिशोब लावला तर तो ११,८०० होऊन बसतो, आणि मागच्या वर्षाचा हिशोब दिवाणजींच्या खात्याशी जुळत नाही.

दुरुस्तीचे कोड

अमेरिकन ट्रकवाल्यांच्या संघटनेची व्हीएमआरएस नावाची कोड पद्धत बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते. त्यात ०१३ म्हणजे ब्रेक, ०१७ टायर, ०४२ कूलिंग, ०४५ इंजिन. तुमच्याकडे वेगळे कोड असले तरी हरकत नाही. फक्त ‘जनरल काम’ या कोडाखाली सगळं कोंबू नका. गगनबावडा किंवा आंबा घाटातून कोकणात उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक लायनर पुण्याकडे बहुतांशी सपाट हायवेने जाणाऱ्या गाडीपेक्षा लवकर जातात. किती लवकर ते कोड नीट असतील तरच कळतं. एकदम कोड बदलताना पार्टच्या नावावरून गाळा: ‘लायनर’ असलेल्या सगळ्या ओळी ब्रेककडे. पण यादी वाचून बघा, ‘सिलिंडर लायनर’ही त्यात आलेला असतो आणि तो इंजिनात जायला हवा.

एक्सेलमधून आणताना

यादी एक्सेलमध्ये काढून, सुधारून परत आत घ्यायची सोय चांगली आहे, पण एक्सेल स्वतःच्या मनाने बदल करतं. ‘०००४५७’ या ऑर्डर नंबरातले पुढचे शून्य जातात. म्हणून फाइल सरळ दोनदा क्लिक करून उघडू नका. डेटा आयात करताना नंबरचा कॉलम ‘टेक्स्ट’ ठेवा. तारखेत ०४/०५ म्हणजे ४ मे की ५ एप्रिल, हे सॉफ्टवेअरच्या सेटिंगशी जुळवा. बारापर्यंतचे दिवस गुपचूप उलटतात आणि तेरापासूनचे चूक दाखवतात, त्यामुळे निम्म्या तारखाच बिघडतात. शेरे मराठीत असतील तर सीएसव्ही फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, नाहीतर सगळी प्रश्नचिन्हं येतात. संख्यांच्या कॉलममध्ये देवनागरी अंक टाकू नका, बहुतेक सॉफ्टवेअर त्यांना अक्षरं समजतं.

जुन्या ऑर्डर

डिलीट करण्यापेक्षा अर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या नोंदींच्या वेगळ्या कप्प्यात टाका. कंपनी असेल तर हिशोबाची पुस्तकं आणि त्यामागची बिलं ८ वर्षं ठेवावी लागतात, जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये कुणी, कधी, काय बदललं याची नोंद चालू असणं बंधनकारक आहे. तुमचं गॅरेज सॉफ्टवेअर हिशोबाशी जोडलेलं असेल तर ही नोंद बंद करायच्या भानगडीत पडू नका. जी गाडी अजून पळतेय तिच्या ऑर्डर कितीही जुन्या असल्या तरी हलवू नका.

आकडे जुळले नाहीत तर

एका युटिलिटीने बिघडलेलं दुसऱ्या युटिलिटीने सावरायला जाऊ नका, गुंता वाढतो. सगळ्यांना बाहेरच ठेवा, बिघडलेल्या स्थितीचाही एक बॅकअप घ्या, मग आधीचा बॅकअप परत चढवा. चारही आकडे पहिल्या पीडीएफशी जुळवा. दरम्यान निघालेल्या ऑर्डर कागदी जॉब कार्डांवरून पुन्हा टाका. त्यासाठी कागदी कार्डं निदान महिनाभर तरी फाडायची नाहीत. शेवटी बदलांच्या वहीत एक ओळ: तारीख, ऑर्डर नंबर, जुना आकडा, नवा आकडा, कारण, सही.